कन्येच्या दाढा राखिल्या त्याची हकीकत

सरकारी दातांच्या दवाखान्यात आईसाहेबांनी मोहीम केली, ती जैसी घडली तैसी लिहितो. वाचकांनी चूळ भरून सावध बसावे.

विमा सरकारचे फर्मान ऐसे की, सोळावे वर्ष सरेतो निरोगी दाढांच्या खाचांत लेप भरून द्यावा, कीड शिरो न द्यावी. त्यापुढे दाढ ठणकू लागल्याखेरीज विमा तिजकडे ढुंकून पाहणार नाही. ऐसी या दौलतीची अक्कल! आणि कन्येची मुदत त्याच सायंकाळी सरत होती. आईसाहेबांनी स्वतः ऐन तारुण्यात दोन दाढा गमाविल्या होत्या, ते दुःख लेकीस नको म्हणोन कचेरीतून रजा काढिली, आणि मग कन्येस दवाखान्याच्या खुर्चीवर बसविले, आणि मग कन्येने तोंड मिटले ते मिटलेच.

कसूर आईसाहेबांची. कन्या लहान असता दूध न प्याली, पसारा न आवरिला, की दातवाल्या डॉक्टरकडे नेईन हा एकच धाक घालीत. तो आज अंगाशी आला. डॉक्टरीणबाई आरसा परजून उभ्या. विनवण्या जाहल्या, नवा मोबाइल कबूल जाहला, कन्या हालेना.

अखेर ती दातांआडून वदली, "आधी तू बस."

आईसाहेबांची गाळण उडाली, कारण भय त्यांसच अधिक. तरी लेकीकरिता चढल्या, डोळे गच्च मिटले, आणि आरसा ओठास लागताच ऐसी किंकाळी फोडिली की बाकावरील निम्मी रयत घरी गेली.

"अगं आई, नुसता आरसा आहे तो!" म्हणोन कन्या पोट धरून हसली, आणि भीड चेपून खासी खुर्चीवर चढली. चारही दाढांस लेप जाहला. दुखले काडीमात्र नाही.

इतक्यात डॉक्टरीणबाईंनी वर्दी दिली की, मघा किंकाळीस तोंड उघडले तेव्हा दिसले, आईसाहेबांची मागली दाढ पोखरली आहे, पण ठणकत नाही, सबब विम्यात बसत नाही. आईसाहेब दाराकडे निघाल्या. कन्येने त्यांस दंडास धरून विम्याच्या खिडकीवर नेले. कारकुनाने मान वर न करता पुसिले, "दुखतंय का?"

आईसाहेब खरे बोलणार, तो कन्येने त्यांच्या पावलावर टाच रोविली.

"आई गं!"

"बघा, किती दुखतंय तिला," कन्या वदली.

कारकुनाने तात्काळ शिक्का मारिला. येणेप्रमाणे चार दाढा राखिल्या, पाचवी सोडविली, मोठी फत्ते जाहली. आईसाहेबांचे पाऊल सुजले, त्याची तजवीज विम्यात नाही.