देशाचं शेवटचं टोक

चाकूरच्या बसस्टँडसमोर अण्णारावांचा फ्लेक्स झळकला, तेव्हा अण्णाराव स्वतः घरात तोंड लपवून बसले होते. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'देशाचं दक्षिण टोक गाठणारे चाकूरचे सुपुत्र'.

मूळ खोडी व्याह्यांची. उदगीरच्या महादेवप्पांनी मागं कन्याकुमारीचा फोटो पाठवला होता, 'भारत इथं संपतो.' यंदा अण्णाराव बायको कस्तुराबाईंसोबत अंदमानला गेले, तर गाइड म्हणाला, खरं दक्षिण टोक निकोबारला, इंदिरा पॉइंट. झालं! अण्णारावांनी पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर समुद्राकडं पाठ करून फोटो काढला आणि व्याह्यांना धाडला, 'इंदिरा पॉइंट. भारत इथं संपतो. कन्याकुमारीच्याही लई खाली.' प्रत्यक्षात ते टोक तिथून बोटीनं दोन दिवसांवर, आणि अण्णारावांना शेजारच्या बेटावर जातानाच कॅरीबॅग भरून उलट्या झालेल्या. फोटो मात्र गावभर फिरला आणि मंडळाच्या पोरांनी सत्कारच ठरवला.

"खरं सांगून टाका की," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आता? व्याही उदगीरहून निघालेत! त्यांच्यासमोर नाक कापून घेऊ का?"

त्यात प्रमुख पाहुणा कोण, तर नौदलातून निवृत्त झालेला गावचाच सुगत. त्याची निम्मी नोकरी त्या टोकावर पहारा देण्यात गेली, असं सगळं गाव सांगायचं.

शाल-श्रीफळ झालं आणि महादेवप्पा उठलेच. "व्याही, तिथं नेमकं काय हाय, सांगा की जरा!"

अण्णारावांनी घाईघाईनं माइक सुगतकडं सरकवला. "आमी एका दिवसाचे पाहुणे. साहेबच सांगतील."

सुगतचा चेहरा उतरला. माइकवर हात ठेवून तो कुजबुजला, "काका, मला कामून पुढं करायलात? मी पोर्ट ब्लेअरला स्टोअरमध्ये धान्य मोजायचो. टोक नकाशातच बघितलं. पण गावात सांगून बसलोय ना!"

अण्णारावांना त्याला मिठी मारावीशी वाटली. त्यांनी माइक परत ओढला.

"डाव्या हाताला समुद्र!"

"उजव्या हाताला बी समुद्र!" सुगत गरजला.

"अन् समोर तर बघायलाच नगं, निस्ता समुद्र!" अण्णारावांनी शेवट केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. महादेवप्पांनी हात जोडले. "हरलो व्याही! आता दिवाळीत दोन्ही घरं मिळून तिथंच जाऊ. वाट तुमी दोघांनी दाखवायची."

पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. अण्णारावांनी सुगतकडं पाहिलं, सुगतनं अण्णारावांकडं.

पहिल्या रांगेतून कस्तुराबाईंचा आवाज आला, "जाऊ की! फकस्त कॅरीबॅगा लई घ्या."