शेवभाजीतली कानबाई

"खोबरं संपलंय," लताबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "आणि खोबऱ्याशिवाय शेवभाजीचा रस्सा म्हणजे नुसतं तिखट पाणी."

पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शनिवारी दुपारी सत्संग भरला होता. लताबाईंचा नवरा पितांबर कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. वर्षभरापूर्वी सत्संगवाल्या भाईदासनानांच्या नादी लागून तो निराकारवादी झाला होता. देवाला रूप नाही, रंग नाही, आकार नाही, हे तो पानाच्या टपरीवरही सांगे. आणि समोरचा "बरोबर" म्हणाला तरी त्याच्याशी वाद घाली.

बाहेर मंडळी ताटांकडे डोळे लावून बसलेली. पितांबर आत आला आणि त्याची नजर फळीवरच्या लाल फडक्याकडे गेली. त्यात कानबाई देवी होती. श्रावणातल्या रविवारी खानदेशात घरोघर बसते ती कानबाई म्हणजे नारळच. पण मागच्या साली पुजलेला नारळ यंदा पुन्हा बसवायचा, अशी या घराण्याची रीत. यंदा मान पितांबरकडे, म्हणून त्याची आई धुरपदाबाई तो नारळ सोनगीरहून एस.टी.त मांडीवर घेऊन आली होती.

"त्याला हात लावू नका हं," लताबाई म्हणाल्या. "आत्याबाई बांगड्या आणायला गेल्यात. आल्यावर काय सांगू?"

"सांग, नारळ होता!" बाहेर ऐकू जावं म्हणून पितांबरनं आवाज चढवला. "तिकडे निराकार म्हणायचं आणि इकडे नारळाला नथ घालायची? मला नाही जमत!"

"शाब्बास!" बाहेरून नाना गरजले.

त्या शाब्बासकीनं नारळाचा निकाल लावला. खोबरं वाळून खणखणीत झालेलं, रस्सा असा जमला की नानांनी तीनदा मागून घेतला आणि पितांबरनं ताट चाटून पुसलं.

धुरपदाबाई परतली तेव्हा मंडळी हात धूत होती.

"पितांबर, कानबाई कोठे शे?"

पितांबर या प्रसंगाची तयारीच करून बसला होता. "आई, देव निराकार असतो."

"मी आकार नई इचारत. कोठे शे ते सांग."

"भाजीत."

धुरपदाबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं रिकाम्या पातेल्यात वाकून पाहिलं. "बठ्ठी खादी?" मग मंडळींकडे वळली. "कोनी जास्त खादी?"

नानांना एकदम घरचं काम आठवलं. त्यांच्यामागून सत्संगही निराकार झाला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून भाऊबंद आले. घरात पुरणाचा वास, चौरंग मांडलेला, आणि चौरंगावर काहीच नाही. घराण्यातले वडीलधारे जीवरामआबा म्हणाले, "कानबाई नाही तर भाऊबंदांचं रोटाचं जेवण नाही. अन् रोट नाही तर यापुढे पितांबरच्या दारचं पाणीही नाही."

"दुसरा नारळ आणा की! बाजारात ढीग लागलाय," पितांबर ताठ मानेनं म्हणाला.

"उद्या मी हरवलो तर बाजारातून दुसरा आबा आणशील का रे?"

भुकेली भाऊबंदकी गुरगुरू लागली. तेव्हा धुरपदाबाई पुढे आली. "नवी कशाले? कानबाई घरमाच शे."

"कोठे?"

"यान्हा पोटमा." तिनं पितांबरकडे बोट दाखवलं.

पितांबर हादरला. "आई, मी हे काही मानत नाही!"

"तू नको मानू. मानानं काम आम्हनं शे."

केळीचे घड उचलणाऱ्या दोन चुलतभावांनी त्याला अलगद चौरंगावर ठेवलं. डोक्यावर हिरवी साडी आली, कपाळभर कुंकू आलं, दोऱ्यानं बांधलेली नथ मिशीवर येऊन टेकली. बायांनी गाणी धरली. "देव निराकार..." पितांबरनं सुरुवात केली.

"गप!" आबा म्हणाले. "देवी बोलत नाही."

मग मागणी सुरू झाली. कुणी कपाशीला पाऊस मागितला, कुणी सून मागितली, आबांनी गुडघा बरा करायला सांगितला. सगळ्यांत शेवटी लताबाई आल्या. त्यांनी ओटी भरली, पदर पसरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माते, गल्लीतल्या बालवाडीत बाईंची जागा निघालीय. मी मॅट्रिक आहे. पण आमचे हे म्हणतात, घरातल्या बाईनं नोकरीसाठी उंबरा ओलांडायचा नाही. तुझी हरकत असेल तर आत्ताच सांग."

"हरकत आहे!" पितांबर नथीसकट ताडकन उठला. चुलतभावांनी त्याला पुन्हा खाली बसवलं.

आबांनी कानामागे हात धरला. "कोण बोललं?"

लताबाईंनी मान वर करून नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"कोणी नाही, आबा," त्या म्हणाल्या. "देव निराकार असतो. त्याला तोंड कुठलं?"

"खरं शे," धुरपदाबाई म्हणाली, आणि पुरणपोळीचा भलामोठा घास तिनं कानबाईच्या उघड्या तोंडात कोंबला.