आधी विचारा

आमच्या शेजारचे डॉक्टरकाका बैलाला विचारल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत.

थट्टा नाही, डोळ्यांनी पाहिलंय मी. तांड्यावरच्या एकानं त्याचा बैल काकांच्या दारात आणला होता. काका बैलाच्या कानाशी लागले. "सुई टोचतो. दुखंल थोडं. टोचू का?" बैलानं नेमकी तेव्हाच मान हलवली. काका बॅग आवरायला लागले! मालक काकुळतीला आला, माशी बसली होती म्हणे. पण नकार म्हंजे नकार. काका बैलाला पेंड चारत बसले आणि तो निवांत झाल्यावर परत विचारलं.

हे वेड त्या कोर्सपासूनचं. जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि काकांनी एम.ए.ला नाव घातलं. सगळी कळमनुरी विचारायची, या वयात काहून? विषय तरी कोणता, तर जीवनैतिकता. म्हणजे दवापाण्यात बराबर काय, चूक काय, आणि ते ठरवायचं कुणी, याचा अभ्यास. तास मोबाइलवर असतात. लाइट गेली की काका आमच्या इन्व्हर्टरवर येतात, आणि आम्ही 'या' म्हणेपर्यंत दारातच उभे राहतात. त्यांच्याकडं चहाला गेलं तर आधी ऐकायचं, दूध कालचं हाय, साखर जास्त पडली, तरी घेणार का? एवढं ऐकल्यावर कुणाला जातो हो चहा?

मी पोट धरून हसायची. मग नांदेडहून सासूबाईंचा रिपोर्ट आला. कॅन्सर. माझं हसू पळालं.

आमच्याकडं अशा माणसाला खरं सांगत नाहीत. गॅस झालाय म्हणायचं, आणि भेटायला येणाऱ्याला दारातच पढवून ठेवायचं. काकांनाही मी दारातच गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगणार न्हाई, सूनबाई. सांगायचं काम तुमचं. पण विचारणार."

आणि माझ्यादेखत विचारलंच. "वहिनी, आजार काय हाय ते जाणून घ्यायचंय का? नको असंल तर नको म्हणा."

असा राग आला मला! सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "घ्यायचंय," म्हणाल्या. "सगळे गॅस म्हणतेत आन् तोंड फिरवून डोळे पुसतेत. मी काय लेकरू हाय?"

मग मी सांगितलं. रडत, अर्धंमुर्धं, पण खरं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आधी औंढ्याला बहिणीकडं जाऊन येते, म्हणाल्या, मग सुया टोचा किती टोचायच्या ते.

काका खिडकीकडं तोंड करून उभे होते.

"आमच्या हिलाबी आमी शेवटपर्यंत गॅसच म्हणत राहिलो," ते म्हणाले. "एकदा तरी विचारायला पायजे व्हतं. तिलाबी कुठं जायचं असंल."

सासूबाईंनी त्यांना हाक मारली.

"भावजी, दुनियेला विचारत फिरता. तुमाला कोण विचारतं? जेवलात का?"

काकांनी नुसती मान हलवली.

माशीबिशी काही नव्हती. मी न विचारता ताट वाढलं.