क्रेपस्क्युलर ससा

एका जंगलात, मुलांनो, हेरंब नावाचा ससा होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका, तिथे रेंज नाही.

हेरंब आणि शलाका नावाची सशीण रोज संध्याकाळी एकाच वाफ्यातली गाजरं कुरतडायचे. लग्नाचं त्यांचं ठरलं होतं. फक्त शलाकाच्या बाबांनी हो म्हणायचं बाकी होतं. म्हणजे सगळंच बाकी होतं.

म्हणून एका रविवारी हेरंब कावळेमामांना मध्यस्थ म्हणून घेऊन तिच्या बिळात गेला. कोवळ्या गवताच्या बश्या आल्या.

"मुलगा काय करतो?" बाबांनी विचारलं.

मुलगा गवत खायचा. पण कावळेमामा मुरलेले होते. म्हणाले, "मुलगा क्रेपस्क्युलर आहे."

बाबा सावरून बसले. "पूर्ण झालंय, की एखादं वर्ष राहिलंय?"

"पूर्ण. फर्स्ट क्लास."

"आमच्यात एवढं कुणीच नाही हो," शलाकाची आत्या म्हणाली. "म्हणजे नक्की काय असतं ते?"

कावळेमामा बशीत बघायला लागले. हेरंब मात्र सज्जन होता.

"इंग्रजी विशेषण आहे, आत्या. जो प्राणी भर दुपारी नाही, मध्यरात्री नाही, फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो, तो क्रेपस्क्युलर. शिकावं लागत नाही. सगळे ससे असतातच. तुम्हीसुद्धा आहात."

आत्यानं पदर सावरला. "असं तोंडावर मला आजवर कुणी बोललं नव्हतं."

बाबा उठले. "म्हणजे आम्ही जन्मभर फुकट करतोय, तेच हे करतात. बश्या उचला गं."

संध्याकाळी वाफ्यात शलाकानं गाजराला तोंडही लावलं नाही. "अर्थ कशाला सांगितलास?"

"आत्यांनी विचारला."

"ती विचारतेच. सांगायचा नसतो."

पुढच्या रविवारी हेरंब आणि कावळेमामा पुन्हा बिळात हजर.

"हा तोच ना, क्रेपस्क्युलर?" बाबांनी विचारलं.

"होता," कावळेमामा म्हणाले. "सोडलं त्यानं."

"सुटतं?"

"मनावर घेतलं की सुटतं. आता पर्स्पिकेशस आहे."

आत्या पुढे सरकली. "म्हणजे काय?"

पर्स्पिकेशस म्हणजे समोरच्याच्या मनातलं चटकन ओळखणारा. हेरंबला हे पाठ होतं. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याला शलाकाचे कान दिसले. ते ताठ उभे होते.

त्यानं मोठा श्वास घेतला आणि बिळाच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "ते असं सांगून कळत नाही, आत्या."

"केवढा खोल आहे मुलगा," आत्या म्हणाली.

बाबांनी साखरपुड्याची तारीख विचारली.

तात्पर्य: अवघड शब्दाचा अर्थ नीट शिकून घ्यावा. त्याशिवाय नेमकं काय सांगायचं नाही, ते कळत नाही.