पाणी न पिणारे सिद्राम आप्पा

जागेची किंमत करणारा माणूस म्हटल्यावर तुम्ही लगेच चष्मा, कोट, घड्याळाची साखळी डोळ्यांपुढं आणली असणार. टाका पुसून. आमच्या निपाणीचे सिद्राम आप्पा अनवाणी यायचे, खांद्याला स्वतःचा पाण्याचा तांब्या अडकवून. ज्या जागेची किंमत करायची तिथलं पाणी प्यायचं न्हाई, ही त्यांची अट. "पानी पिलं की भिताडाची भेग दिसत न्हाय," म्हणायचे.

तंबाखूची वखार असू दे न्हाईतर ओढ्याकाठचं रान, लोकांचे प्रश्न तेच.

"आप्पा, वखारीला नवा रंग दिलाय. किंमत वाढंल न्हवं?"

"तंबाकू रंग बघून आत जातोय व्हय?"

"शेजाऱ्याचं रान एवढ्याला गेलं, मग माजं?"

"त्येची हीर तुज्या रानात सरकून आल्या व्हय रं?"

"घेनाऱ्याला एक, इकनाऱ्याला एक सांगा की."

"मग तोंडं बी दोन आनतो."

आकडा सांगितला की हात झटकून कानडीत "मुगीतु!" म्हणजे संपलं. मी कट्ट्यावर त्यांची ही नक्कल करायचो. आप्पाबी हसायचे.

त्यांची एकुलती लेक गंगू बेळगावच्या शहापुरात विणकरांच्यात दिलेली. घरात आप्पा एकटेच. गंगूचा नवरा आणि थोरला दीर वेगळे निघाले, तेव्हा हातमागांसकट घराची किंमत करायला दिरानं आप्पांनाच बोलावलं. "पावनं म्हनून न्हाय, किंमतवालं म्हनून या." मला बेळगावात नाटक बघायचं होतं, म्हणून मीबी त्यांच्यासंगं सर्विस मोटारीत बसलो आणि आधी गंगूच्या घरी गेलो.

आप्पा गेले ते थेट भिंतीपाशी. वासे ठोकले, मागाचे खड्डे वाकून बघितले. मागं गंगू उभी, हातात तांब्या आणि गूळ. वर्षानं बाप दिसलेला.

"आप्पा, पानी."

"काम झाल्यावर गं."

"काम झाल्यावर तुमी जातासा."

आप्पांचा हात वाशावरच राहिला. दीर टक लावून बघत होता. मग आप्पांनी गूळ तोंडात टाकला आणि तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

"पावनं, आता मला हे घर लई चांगलं दिसतंय. दुसरा मानूस बघा."

"आवो, तुमच्यासाठी थांबलतो की आमी!" दीर ओरडला. आप्पा लेकीजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंबी परत आलो आणि निपाणीत माझी चैन. कट्ट्यावर आधी आप्पा केले, मग दीर केला. मग पंचा डोक्यावर घेऊन बारीक आवाज काढला, "आप्पा, पानी!" पोरं हसून लोळली.

तेवढ्यात कट्ट्यामागच्या बोळातल्या आपल्या घरातनं आप्पा आले. धापा टाकत, जेवणाचा हात तसाच खरकटा. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग माझ्या डोक्यावरचा पंचा ओढला.

"माजी कर की रं, पायजे तेवढी कर. तिचा आवाज परत काढलास तर बघ, गाढवा. पळत आलो की मी."