अनुपचे पेटणारे लाडू

कॅम्पिंगला आग पेटवावी तर ती अनुपनेच, असं खुद्द अनुपचं मत होतं. दुसऱ्या कोणाचं तसं मत ऐकिवात नव्हतं. साकोलीत त्याचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान. काडीपेटीशी संबंध आला तर उदबत्तीपुरता. पण मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि गडी मेण वितळवायला बसला. चिंध्यांचे लाडू वळायचे, मेणात बुडवायचे, वाळवायचे. ओलं लाकूडही धडधडतं म्हणे! बायकोचं, रेणूचं, दुधाचं पातेलं या कामी आलं ते कायमचंच.

एवढा आटापिटा सासऱ्यांसाठी होता. यादोराव कोंढा गावचे, धान पिकवणारे. जावई म्हणजे गादीवर बसून घड्या मोडणारा माणूस, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. धाकट्या रंजिताच्या लग्नातल्या साड्या त्याच्याकडून घ्यायच्या की दुसरीकडून, यावर त्यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. "ज्याले हातानं काही येत नाही, त्याच्या मालाचा काय भरवसा?" हे त्यांचं बोलणं अनुपच्या कानावर आलं आणि फार झोंबलं. म्हणून त्यांच्याच शेतातल्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर तंबू, शेकोटी आणि सगळ्या सासुरवाडीला आमंत्रण.

मोटरसायकलवर मागे बसलेल्या रेणूने विचारलं, "अजी, त्या लाडवांत भरलं काय तुमी?"

"कोसा. दिवाळीच्या नवीन गठ्ठ्यातल्या चिंध्या. एकदम शुद्ध."

"कोसा कुठं पेटते का?"

अनुपचा हात ब्रेकवर गेला. रोज गिऱ्हाइकापुढे तोच तर धागा जाळून दाखवायचा! खरा कोसा आकसतो, केस जळल्यासारखा वास सोडतो आणि विझून जातो. गिऱ्हाइकांना हे पढवणारा माणूस आता त्याच कोशाने शेकोटी पेटवायला निघाला होता.

"पहिलेच काहून नाही सांगितलं?"

"मले विचारलं का तुमी? पातेलं तरी विचारलं का?"

पुढचा सगळा रस्ता त्याने गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवालाही पुढे निघून गेला. पण कोंढा यायचं ते आलंच.

पाळीवर सगळे लाकडांभोवती बसले होते. सासूबाई आनंदाबाई जावयाने दिवाळीला दिलेली साडी नेसून अगदी पुढे. लाकडं दवाने ओली.

"धानाचं वाळलं तणीस आणू का, जवाईबापू?" यादोराव म्हणाले. "एका काडीत पेटन."

"नको जी, मामाजी."

"फोनवर तर म्हणत होते, शुद्ध कोशाचे लाडू बनवून राहिलो म्हणून. पेटवा मंग."

अनुपने काडीपेटी काढली. पहिली काडी मोडली, दुसरी विझली. सगळ्या देवांना साकडं घालून त्याने तिसरी लाडवाला लावली आणि डोळे मिटले.

भडका उडाला! लाडू धडधडून पेटला, ओली लाकडं तडतडायला लागली. रंजिताने टाळ्या पिटल्या.

"मानलं बावा," यादोराव म्हणाले. "साड्या तुमच्याचकडून."

अनुपला आभाळ ठेंगणं झालं. त्याने छाती भरून श्वास घेतला. केस जळल्याचा वास काही आला नाही. आला तो प्लॅस्टिकची बादली जळाल्यासारखा. लाडवातून काळे, चिकट थेंब टपटप गळत होते. घाऊकवाल्याच्या शब्दावर उचललेला गठ्ठा; दुकानात जाळायचा तो धागा जुन्याच मालाचा, यातला एकही जाळून पाहिला नव्हता!

"जवाई," आनंदाबाई सावकाश म्हणाल्या, "खरा कोसा पेटत नाही, असं तुमीच दाखवलं होतं ना दुकानात?"

अनुपने काठीने लाडू लाकडांखाली ढकलला.

"मंग माह्या अंगावरची साडीबी याच गठ्ठ्यातली का जी?"

"हो," तो कसाबसा म्हणाला.

आनंदाबाईंनी पदर गोळा केला आणि त्या चार हात मागे सरकल्या. यादोराव उठले, बोडीतून बादलीभर पाणी आणलं आणि बायकोच्या बाजूला ठेवलं.