रंगाला नाही म्हणणारे दौलतराव

आलेलं गिऱ्हाईक हाकलून लावणारा फोटोवाला अख्ख्या अमरावतीत एकच होता, आणि माझं नशीब फुटकं म्हणून मी नेमका त्याचाच रंगारी होतो.

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची गोष्ट. फोटो निघायचा तो काळा-पांढराच. रंगीत हवा असेल तर माझ्यासारख्यानं ब्रश घेऊन त्यावर हातानं रंग भरायचा. बाकीचे फोटोवाले पडदा लावून, खुर्ची मांडून बसायचे. आमचे दौलतराव इतवारा बाजारात भर रस्त्यावर कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी रोवायचे आणि चालती-बोलती माणसं टिपायचे. लोकांना फोटो आवडायचा, "रंगात द्या" म्हणायचे. की दौलतरावांचं झालं सुरू!

"काहून? काय खराबी हाये याच्यात? रंग लावला का मानूस कपडे पायते, तोंड नाई पायत."

"दौलतराव, या शेठजीचं तोंड न पाह्यलेलंच बरं," मी कानात सांगायचो. पण ऐकतील तर शपथ! फारच गळ पडली तर त्यांची अट: कपड्याचा रंग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि ध्यानात असलेला पाहिजे. "जे पाह्यलं नाई ते लावाचं नाई." आणि ध्यानात राहणार कसं? ह्यांचं सगळं लक्ष ऊन-सावलीत!

एकदा अकोल्याच्या बाजारात बार्शीटाकळीच्या एका पाटलांचा फोटो काढला. पागोटं गुलाबी की केशरी, आठवेना. मी म्हटलं, "गुलाबी लावतो. कोनाचं काय जाते?" तर माझ्या हातातला ब्रश हिसकावून हा माणूस थेट बार्शीटाकळीला गेला! तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत. मधल्या काळात पाटलांनी पागोटं लालभडक रंगवून घेतलं होतं. पाटील म्हणत होते, "मंग लालच लावा ना बाप्पा!" ह्यांचं एकच, "फोटो काढला तवा लाल नव्हतं." दिला काळा-पांढरा. मी कपाळावर हात मारला.

अशात एका बाजाराच्या दिवशी इतवाऱ्यात आमच्या समोर फुलं विकणारी कासाबाई माळीण आली. तिची सात-आठ वर्षांची पोर, सखू, पावसाळ्यात तापानं गेली होती. दौलतरावांनी मागे काढलेल्या बैलगाडीच्या फोटोत ती कोपऱ्यात उभी होती. पोरीचा दुसरा फोटो नव्हता.

"रंगात द्या, दादा. परकर हिरवा करजा."

मी मान खाली घातली. सखूचा परकर आम्ही दोघांनीही रोज पाहिलेला. विटका, ठिगळांचा, मूळचा रंग कोणता, कोण सांगणार? आता हा माणूस त्या माउलीला तोंडावर नाही म्हणणार!

"हिरवा नव्हता तो," दौलतराव म्हणाले.

"नव्हता," ती म्हणाली. "दिवाळीले घेऊन देतो म्हटलं होतं म्या तिले. रोज इचारे."

दौलतरावांनी फोटो उन्हाकडे धरला. मग म्हणाले, "हिरव्यातला कोनता, माय? पोपटी का गर्द?"

"तिनं दाखवला होता मले. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात."

"चाल, दाखव."

भर बाजारात कॅमेरा माझ्या हवाली करून निघाले तिच्यासोबत. आले ते पोपटी कापडाचा तुकडा घेऊन. मी रंग कालवला. तो कापडाशी जुळेपर्यंत त्यांनी मला तीनदा बशी धुवायला लावली. एरवी मी खेकसलो असतो. त्या दिवशी मला चिडताच येईना.

कासाबाई शेजारी बसून पाहत होती. परकर रंगत आला तशी हळूच म्हणाली, "जरा लांब ठेवजा, दादा. वाढतं आंग हाये पोरीचं."

फोटोत परकर जेमतेम गुडघ्याखाली होता. मी दौलतरावांकडे पाहिलं. ते डोळे पुसत होते, तेही माझ्या रंगाच्या फडक्यानं.

"घोट्यापर्यंत आन," ते म्हणाले.